किल्ल्यांच्या जुडग्यातला दिवा

माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात सहा किल्ल्या आहेत. त्यांपैकी दोन कोणत्या कुलपांच्या, हे आता मला सांगता येणार नाही. पण टाकून देण्याचा धीर होत नाही, म्हणून त्या मी बरोबर वागवतो. या सहा किल्ल्यांच्या सोबतीला गेली तीन वर्षे एक सातवी वस्तू लटकत आहे. ती बोटाच्या दोन पेरांएवढी असेल. रंग काळा. एका टोकाला मुगाच्या डाळीएवढा पिवळसर ठिपका आणि कुशीला एक बटण. बटण दाबले की त्या ठिपक्यातून उजेड पडतो. श्रोतेहो, आज मी बोलणार आहे ते या सातव्या वस्तूविषयी.

ग्रंथांत तिला विजेरी म्हणतात. बोलताना मात्र विजेरी म्हणणारा मनुष्य मला अजून भेटायचा आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत तिला ‘बॅटरी’ म्हणतात. पोटातल्या सेलांचे नाव सबंध वस्तूला मिळाले. आमच्या रायपुरात ती ‘टॉर्च’ असते. मुलीने पुण्याहून टपालाने अशा तीन विजेऱ्या पाठवल्या, तेव्हा आम्ही दोघांनी त्यांना चौथेच नाव दिले : ‘खेळणे’. सेल घालायला झाकण नाही, धरायला नळी नाही, वजन म्हणाल तर दोन-तीन नाण्यांचे. मोबाइल फोनला लावतो तीच तार लावून ती घरच्या विजेवर भरायची. एक मी किल्ल्यांना अडकवली, तीही मुलगी विचारील म्हणून. उरलेल्या दोन डब्यांसकट टेबलाच्या खणात गेल्या. त्या खणात गेल्या, ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी. तिच्याकडे मला पुन्हा यावयाचे आहे.

आम्ही तिला खेळणे म्हटले याला कारण होते. विजेरी कशी असावी याचे एक चित्र माझ्या मनात लहानपणापासून पक्के झालेले होते. आमचे घराणे तात्यापाऱ्यातले. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत जी मराठी माणसे छत्तीसगढात आली आणि येथलीच होऊन गेली, त्यांच्या वंशजांचा हा मोहल्ला. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. पुढे १८१८ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलवले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. राज्य गेले, माणसे राहिली. १९०० साली माधवराव सप्रे यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, ज्यांच्या पाठीशी वामनराव लाखे उभे होते. ती पिढी याच मराठी रायपूरची. त्या पिढीचे लिहिणे-वाचणे तेलाच्या दिव्यावर झाले. दारी कंदील, माजघरात चिमणी, देवापाशी समई. प्रत्येक उजेडाची जागा ठरलेली, आणि जागा सोडून हिंडणारा उजेड म्हणजे हातातला कंदील.

आमच्या घरी या व्यवस्थेत पहिली क्रांती केली ती आजोबांच्या टॉर्चने. तीन सेलांची, चकचकीत मुलामा दिलेली ती नळी त्यांच्या उशाशी असे. तिला हात लावण्याची आम्हां मुलांना परवानगी नव्हती. रात्री झोपताना आजोबा तिच्यातला शेवटचा सेल काढून उलटा घालत, म्हणजे चुकून बटण दाबले गेले तरी सेल फुकट खर्ची पडू नयेत. सेल मंद झाले की ते एक-दोन दिवस उन्हात ठेवीत. त्याने त्यांत थोडी धुगधुगी येई. पावसाळ्यात सेल फुगून नळीत अडकले, की ते काढण्यासाठी घरात मोठे प्रकरण होई. रात्री-अपरात्री डॉक्टरांना आणायचे, उशिराच्या गाडीने येणाऱ्या पाहुण्याला घ्यायला जायचे, अशाच कामांसाठी ती टॉर्च बाहेर निघे. आजोबा गेले, टॉर्च गंजली. परंतु ‘टॉर्च’ म्हटले की मला अजूनही ती नळी आणि तो उलटा सेल आठवतो.

जगात ही वस्तू अवतरली तीही काही फार ऐटीने नव्हे. कागदाच्या नळीत सुके सेल, एका तोंडाला छोटा दिवा आणि त्यामागे पितळेचा आरसा, अशा विजेरीचे पेटंट डेव्हिड मिसेल या संशोधकाला अमेरिकेत १८९९ च्या जानेवारीत मिळाले. त्या वेळचे सेल इतके दुबळे आणि दिव्यातली कार्बनची तार इतकी अल्पजीवी, की उजेड सलग पाडता येत नसे. बटण दाबावे, क्षणभर लखलखाट व्हावा, आणि सोडावे. म्हणूनच अमेरिकेत तिला ‘फ्लॅशलाइट’, म्हणजे चमकून जाणारा दिवा, हे नाव पडले. दोष गेला तरी नाव राहिले. माणसांच्या बाबतीतही असे होतेच.

मग आजोबांच्या हातभर नळीचे दोन पेरे कसे झाले? दोन शोध एकमेकांना येऊन मिळाले, म्हणून. जुन्या दिव्यात टंगस्टनची तार तापून पांढरी होई आणि उजेड देई. पण विजेचे शंभर भाग घेतले तर त्यांतले पाचेक भाग उजेडाच्या कामी येत, बाकीचे उष्णतेत जात. वास्तविक ती शेगडी होती, जरासा प्रकाशही देणारी. आजचा एलईडी म्हणजे तापणारी तार नव्हे. तो एका विशिष्ट स्फटिकाचा कण. त्यातून वीज गेली की तो स्वतःच प्रकाश देतो. असा लाल दिवा १९६२ मध्ये निघाला होता, पण पांढऱ्या उजेडासाठी निळा हवा, आणि तेजस्वी निळा साधायला आणखी तीस वर्षे लागली. त्या निळ्यावर पिवळ्या भुकटीचा लेप दिला की दोन्ही रंग मिळून डोळ्यांना पांढरे दिसते. माझ्या विजेरीच्या टोकाचा तो पिवळा ठिपका म्हणजे हाच लेप. या निळ्या दिव्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरा शोध सेलाचा. १९९१ मध्ये लिथियमचे पुन्हा पुन्हा भरता येणारे सेल बाजारात आले. सुक्या सेलाचा दाब दीड व्होल्ट. लिथियमच्या सेलाचा साडेतीनच्या वर. पांढऱ्या एलईडीला लागतो सुमारे तीन व्होल्ट. म्हणजे आजोबांना जिथे दोन-तीन सेल एकापुढे एक मांडावे लागत, तिथे आता नखाएवढा एक सेल पुरतो. सारी नळी नाहीशी झाली ती या साध्या हिशेबाने. या सेलासाठी २०१९ चे नोबेल तिघांत वाटले गेले. त्यांतले जॉन गुडइनफ तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचे होते. माझ्या वयाच्या माणसाला या बातमीत विज्ञानाखेरीजही काही सापडते.

आता या वस्तूचा रोजचा उपयोग काय? सांगायला गेले तर हसू येईल इतका क्षुल्लक. दाराचे भोक शोधणे. औषधाच्या पट्टीवरची मुदतीची तारीख वाचणे, जी छापणाऱ्याने वाचू नये अशाच हेतूने छापलेली असते. कपाटाखाली गेलेली गोळी, पलंगाखाली गेलेला चष्मा. पाण्याच्या टाकीत डोकावणे. गॅसचा वास आला तर नळीचा सांधा पाहणे. येथे आमचे वडील काडी ओढण्याच्या बेतात असत आणि आई त्यांचा हात धरी. आणि वैशाख-ज्येष्ठातली आमच्याकडची संध्याकाळ! दिवसभर पंचेचाळीस अंशांपर्यंत तापलेल्या शहरावर एकाएकी अंधड येते, झाडांच्या फांद्या तारांवर पडतात आणि मोहल्लाच्या मोहल्ला काळा होतो. छत्तीसगढ दगडी कोळशाचे आणि विजेचे राज्य. कोरब्याची वीज दूरदूरच्या प्रांतांत जाते. परंतु फांदी तारेवर पडली की कोरबा जवळ असून उपयोग नसतो. अशा वेळी मेणबत्ती कोठे आहे हे पाहण्यासाठीच आधी दिवा लागतो, हा गृहस्थाश्रमातला जुना पेच आहे. तो पेच खिशातल्या जुडग्याने सुटला.

कोणी म्हणतील, मोबाइल फोनला दिवा असतोच; मग ही आणखी उठाठेव कशाला? हा प्रश्न मीही मुलीला विचारला होता. तिचे उत्तर आले नाही, माझे मलाच सापडले. फोन हा अनेक कामांचा धनी, आणि म्हणून ऐन वेळी तो दुसऱ्याच कामात असतो, किंवा भरायला लावलेला असतो, किंवा सकाळपासून बोलून बोलून मेलेला असतो. त्याचा दिवा लावायला आधी त्याचा पडदा उजळावा लागतो, त्यासाठी चष्मा लागतो, आणि अंधारात चष्मा शोधण्यासाठी दिवा हवा असतो. विजेरी एकच काम करते, आणि ते अंगठ्याला डोळे मिटून कळते.

आणखी एक गोष्ट मला उशिरा समजली. तिच्या बटणाने उजेड कमी-जास्त होतो. पहिले काही दिवस मी मोठा उजेडच लावीत असे, कारण मोठे ते चांगले अशी समजूत. पण मोठ्या उजेडात ती अंग तापवते, सेल तासाभरात संपवते आणि डोळे दिपवते. अंधाराला आपले डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. एक प्रखर झोत ती सारी कमाई क्षणात घालवतो. रात्री उठून पाणी प्यायचे असेल, तर काजव्याहून थोडा अधिक असा तिचा सर्वांत मंद उजेड पुरतो. बोटांच्या फटीतून तो जमिनीवर सोडावा. शेजारी झोपलेले माणूस जागे होत नाही. वयाचीही एक गंमत आहे. साठीच्या माणसाच्या डोळ्यांत, बाहुली आकसल्याने आणि भिंग पिवळटल्याने, विशीच्या माणसाच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांशच प्रकाश आत पोचतो. म्हणजे मुलाला ज्या जिन्याच्या पायऱ्या दिसतात, त्या बापाला दिसतीलच असे नाही. म्हातारपणीच्या पडण्यांपैकी किती पडणी केवळ एवढ्याने टळतील!

येथवर मी जे सांगितले ते सोयीचे झाले. सोयीच्या पलीकडचे जे आहे, ते सांगण्यासाठीच खरे तर मी हा विषय घेतला.

आमच्याकडे धुण्याभांड्यांना एक बाई येतात. खारून नदीच्या बाजूला जी नवी वस्ती वाढली आहे, तिथे त्यांचे दोन खोल्यांचे घर. घराच्या मागे अजून धानाची शेते आहेत. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात एके पहाटे त्यांचा आठ वर्षांचा नातू पोट दुखते म्हणून उठला. रात्री खाल्लेले बाधले असे घरच्यांना वाटले. अंगावर काही खूण नव्हती. रात्री कधीतरी त्याने हात झटकला होता, एवढे आईला आठवत होते. परंतु तेव्हा वीज गेलेली, फोन बंद पडलेला, आणि डास असेल म्हणून तिने त्याला थोपटून निजवले होते. दोन तासांत त्याच्या पापण्या मिटू लागल्या. झोप येते आहे, निजू द्या, असे कोणी म्हणाले. बैगाला बोलवा, असेही कोणी म्हणाले. शेजारच्या रिक्षावाल्याने मात्र दोघांचेही ऐकले नाही. त्याने मुलाला उचलून गाडीत घातले आणि सरकारी रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी पापण्या पाहिल्या आणि विचारले, मूल जमिनीवर निजते का?

त्याला मण्यार चावली होती. इकडे तिला करैत म्हणतात. नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे आपल्या देशात सर्वाधिक बळी घेणारे चार विषारी साप. त्यांत मण्यारीची रीत सर्वांत कपटी. ती रात्री हिंडते, घरात शिरते, जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणापाशी येते. तिचा दंश जवळजवळ दुखतच नाही. सूज नाही, रक्त नाही. खूण शोधूनही सापडत नाही. मग पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थांबतात. मुलगा पाच दिवस श्वासाच्या यंत्रावर होता. प्रतिविष मिळाले, यंत्र मिळाले, वेळ थोडक्यात मिळाली, तो वाचला. दोन दिवसांनी घर झाडताना गुंडाळून ठेवलेल्या चटईखाली ती मण्यार सापडली.

बाईंनी ही हकीकत आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सांगितली. ऐकता ऐकता माझी बायको उठली, टेबलापाशी गेली आणि खण उघडून उभी राहिली. खणात ते दोन डबे होते. तिने माझ्याकडे पाहिले. बोलली काही नाही. आमच्या घरात ज्यांना खेळणे म्हणून वर्षभर पडू दिले होते, त्यांतले एक त्या रात्री त्या खोलीत असते, तर आईने हात झटकणाऱ्या मुलाकडे नुसते थोपटण्याऐवजी एकदा पाहिले असते. पाहिल्याने दंश टळला असता असे मी म्हणत नाही. परंतु दोन-तीन तास वाचले असते, आणि मण्यारीच्या बाबतीत दोन-तीन तास म्हणजे सारे काही.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. बहुतेक मृत्यू खेड्यांतले आणि सुमारे निम्मे पावसाळ्यातले. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याची योजना केंद्र सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये जाहीर केली. त्यासाठी प्रतिविष हवे, डॉक्टर हवेत, रस्ते हवेत. ते सारे सरकारने करावयाचे. आपण करावयाचे ते थोडेच आहे. जमिनीऐवजी खाटेवर निजावे. मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली घट्ट खोचाव्या. रात्री पाऊल टाकण्याआधी पुढे उजेड टाकावा. आणि दंशाची शंका जरी आली, तरी आवळपट्टी, काप, मंत्र यांत क्षणही न घालवता रुग्णालय गाठावे.

पुढच्या संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकू होते. वाण काय लुटायचे, यावर दरवर्षी आमच्याकडे आठ दिवस खल चालतो. प्लास्टिकचे डबे झाले, चमचे झाले, गाळण्या झाल्या. या वर्षी बायकोने गोल बाजारात हिंडून अशाच चाळीस विजेऱ्या आणल्या. मी म्हटले, “वाण म्हणून कोणी टॉर्च देते का?”

ती म्हणाली, “दीपदान म्हणजे काय असते, ते तुम्हीच सांगा.”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. तिळगुळाबरोबर प्रत्येकीच्या हातावर एकेक काळी पेर ठेवली गेली. काही जणी हसल्या. आम्हीही एके काळी हसलो होतोच. खणातले दोन डबे मात्र तिने त्या चाळीसांत मिसळले नाहीत. ते बाईंच्या घरी फार आधीच गेले होते : एक खाटेच्या पायाला बांधायला, एक दाराच्या खिळ्याला. चिल्लीपिल्ली ज्याच्यावर निजतील अशी एक खाट आणि मच्छरदाणीही मागोमाग गेली. कारण नुसता उजेड दाखवून जमिनीवरच निजा म्हणणे हे काही दान नव्हे.

एक तक्रारही नोंदवली पाहिजे. माझी स्वतःची विजेरी हल्ली भरलेली टिकत नाही. सेल काही शे वेळा भरला की थकतो. हे त्याच्या धर्माला धरूनच आहे. म्हणून मी ती दुरुस्तीच्या दुकानात नेली. कारागिराने ती उलटसुलट पाहिली आणि परत दिली. सेल आत चिकटवून बंद केलेला. उघडायची तर फोडावीच लागेल. आजोबांच्या टॉर्चचे सेल मेले, पण टॉर्च जगली. ही नवी वस्तू सेलाबरोबर सती जाते. ज्यांनी एवढे सूक्ष्म काम साधले, त्यांना एक मळसूत्र साधता येऊ नये, असे वाटत नाही; त्यांच्या मनात नसावे. म्हणून घेणाऱ्यानेच काळजी घ्यावी. पुरती संपेपर्यंत वापरू नये. महिन्यातून एकदा, वापरली नसली तरी, भरून ठेवावी. नेमकी गरजेच्या रात्री रिकामी असलेली विजेरी ही नसलेल्या विजेरीहून वाईट. उन्हाळ्यात बंद मोटारीत ठेवू नये. अंग फुगलेले दिसले तर भरू नये. आणि मेल्यावर कचऱ्यात टाकू नये, कारण दबलेला लिथियमचा सेल पेट घेतो. वापरलेले सेल परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. ती आपण त्यांना पार पाडू द्यावी.

या छत्तीसगढी बोलीत उजेडाला ‘अंजोर’ म्हणतात. शब्द मला लहानपणापासून ठाऊक. पण त्यातला ओलावा मला गेल्या पावसाळ्यात कळला. बाई भांडी घासत होत्या. बाहेर धारा लागल्या होत्या. बायकोने विचारले, रात्री आता भीती वाटते का? त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि खाटेवरून पाय खाली सोडण्याआधी अंगठ्याने बटण दाबतात तसा अंगठा दाबून दाखवला. “अब देख के उतरथन, दाई,” त्या म्हणाल्या. आता पाहून उतरतो. नातूच आधी उजेड टाकतो, डावीकडे, उजवीकडे, चटईच्या टोकाशी. मग आजीला म्हणतो, उतर.

एवढ्याशा दिव्याने रात्र उजळत नाही. पुढचे एक पाऊल दिसते. आठ वर्षांचा तो मुलगा आता दहा वर्षांचा झाला आहे, आणि त्याला रात्रीचे तेवढेच एक पाऊल पाहावयाचे असते.